व्हिडिओ नको, अर्ज लिहायला लावा

पत्र: माझे मिस्टर पायदळात नाईक आहेत. नोकरीला चौदा वर्षं झाली, सध्या आसाममध्ये आहेत. चार महिन्यांपूर्वी कंपनीतल्या एका भांडणावरून सीओंनी (कमांडिंग ऑफिसरनी) त्यांना ‘सिव्हिअर रेप्रिमांड’ (कडक ताकीद) दिलं. ते म्हणतात, साक्षीदाराला एक प्रश्नही विचारू दिला नाही. रेकॉर्डवर लाल शाईची नोंद झाली आणि हवालदारकीला नाव मागे पडलं. आता ते म्हणतात, मोबाईलवर सगळं बोलतो आणि फेसबुकवर टाकतो. त्यातच पंधरा दिवसांपूर्वी चुलत दिरांनी वडिलोपार्जित जमिनीवर केलेल्या दाव्याचं समन्स घरी आलं. मी सही करून घेतलं. ह्यांना रजा मिळत नाही. मोठे दीर म्हणतात, ‘फौजीला मूलभूत हक्क नसतातच, गप्प बसा.’ खरं काय आहे? आम्ही काय करावं?
— एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, आधी समन्सचं बोलू. बाकीचं आठवडाभर थांबेल, समन्स थांबणार नाही.

तुम्ही सही केलीत त्या दिवसापासून मुदत सुरू झाली असं धरूनच चला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ८ प्रमाणे प्रतिवादीनं ३० दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला उत्तर) द्यायची असते. सबळ कारण दिलं तर कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. तुमच्याकडचे पंधरा दिवस तर गेलेच. ज्याच्या नावाचं समन्स त्याच्या हातात पडलं नाही तर ते लागूच होत नाही, असा एक समज गावाकडं पक्का आहे. तो चुकीचा आहे. माणूस घरी नसेल आणि इतक्यात येण्याची शक्यता नसेल, तर घरातल्या प्रौढ व्यक्तीच्या हाती दिलेलं समन्स ऑर्डर ५ नियम १५ खाली बजावलेलं धरता येतं. सैनिकासाठी त्याच ऑर्डरमध्ये नियम २८ आहे: कोर्टानं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं, सोबत सैनिकानं ठेवून घ्यायची एक प्रत द्यायची. वादीनं दाव्यात फक्त घरचा पत्ता लिहिला असेल तर हे झालेलं नसणार. तुमच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला हा मुद्दा लेखी अर्जात मांडावा. पण केवळ या मुद्द्यावर विसंबून तारीख चुकवू नका. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो उठवण्यासाठी ऑर्डर ९ नियम १३ चा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. ते दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलं नव्हतं असं ठरलं, तरच हुकूमनामा कळल्याच्या तारखेपासून. तुमची सही कागदावर असताना हा वाद कोर्टात घालत बसणं म्हणजे फुकटची दोन वर्षं.

रजा मिळत नसेल तरी दावा लढता येतो, आणि त्याची सोय याच संहितेच्या ऑर्डर २८ मध्ये आहे. जो सैनिक दाव्यासाठी रजा मिळवू शकत नाही, तो आपल्या जागी दावा चालवायला किंवा लढवायला कुणालाही अधिकार देऊ शकतो. तुम्हाला, सख्ख्या भावाला, कुणालाही. त्यासाठी साधं लेखी पत्र पुरतं, पण ते यजमानांनी कमांडिंग ऑफिसरसमोर सही केलेलं असावं, त्यावर त्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी असावी आणि मूळ पत्र कोर्टात दाखल व्हावं. अशी प्रतिस्वाक्षरी असली की पत्र रीतसर दिलेलं आहे आणि रजा मिळू शकली नाही, या दोन्ही गोष्टींचा तो पुरेसा पुरावा मानला जातो. मग तुम्ही स्वतः हजर राहू शकता किंवा वकील नेमू शकता. पत्रात कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, वादी-प्रतिवादींची नावं आणि तुमचं पूर्ण नाव व नातं लिहिलेलं असू द्या. दावा नंबर चुकला की पत्र परत आसामला जातं आणि आणखी तीन आठवडे जातात. या पत्रानं तुम्हाला दावा लढवता येईल. जमीन विकायचा अधिकार त्यातून मिळत नाही, त्यासाठी वेगळं मुखत्यारपत्र लागतं. मुखत्यारपत्र करायला सांगून कुणी त्यात विक्रीचा अधिकार घुसडू लागलं तर सही करू नका.

साक्ष-पुराव्याच्या वेळी मात्र यजमान स्वतः आलेले बरे. तेव्हा आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम ३२ वापरायचं. दाव्यासाठी रजा मंजूर झाली आहे किंवा मागितली आहे, असा दाखला युनिटकडून घ्यायचा. त्यात रजेचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि खटल्याचं वर्णन असलं पाहिजे. तो जोडून अर्ज केला की कोर्टानं शक्यतो त्या रजेच्या काळातच सुनावणी आणि निकाल उरकावा, असं हे कलम सांगतं. दाखल्याला किंवा अर्जाला फी नाही. कोर्टाला जमलं नाही तर कारणं नोंदवून त्याची प्रत द्यावी लागते. हा दाखला रजा संपत आल्यावर दिला तर काही उपयोग होत नाही. रजेवर निघायच्या आधीच वकिलांकडं पोहोचवा. एक जुना कायदाही लक्षात ठेवा: १९२५ चा भारतीय सैनिक (खटले) कायदा. सैनिक विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत तैनात असेल तर कोर्टाला त्याच्याविरुद्धचा दावा तहकूब ठेवावा लागतो. सध्याची तैनाती त्यात बसते का, हे युनिटच सांगू शकतं. यजमानांनी अ‍ॅडज्युटंटना (युनिटचं कार्यालयीन काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना) नेमका हाच प्रश्न विचारावा.

दावा कोर्टात आहे म्हणून तलाठी कार्यालयाकडं दुर्लक्ष करू नका. जमिनीचा घोटाळा बहुतेकदा फेरफारात होतो. नव्या फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस असतात. हरकत आली की नोंद वादग्रस्त ठरते आणि निर्णय मंडळ अधिकाऱ्यांकडं जातो. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावच्या फेरफार नोटिसा दिसतात. दर आठवड्याला गावाचं नाव टाकून बघा. हरकत चुकून नोंद मंजूर झालीच, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडं ६० दिवसांत अपील करता येतं. यासोबत यजमानांनी युनिटकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे पत्र मागावं: आमचा जवान तैनातीवर आहे, त्याच्या जमिनीच्या प्रकरणात लक्ष घालावं. त्याची प्रत सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुम्ही स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, त्यामुळे हे पत्र नुसतं फिरत राहत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २६ जुलै २०२५ रोजी सुरू केलेली ‘वीर परिवार सहायता योजना’ सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीच आहे. त्याची चौकशीही सैनिक कल्याण कार्यालयातच करा. शिवाय दाव्यात प्रतिवादी म्हणून तुमचंही नाव असेल, तर महिला म्हणून मोफत वकील मिळणं हा तुमचा स्वतःचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज द्या.

आणि चुलत दीर ‘पगार जप्त करू’ अशी धमकी देत असतील तर घाबरू नका. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २८ प्रमाणे दिवाणी किंवा महसूल कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी फौजीचा पगार-भत्ता जप्त होत नाही, आणि कलम २९ प्रमाणे कर्जापोटी त्याला अटकही होत नाही. जमिनीला मात्र हे संरक्षण नाही. (हे वाचून कुणी बायकोमुलांना पैसे देणं थांबवू नये. पत्नी आणि मुलांच्या पोटगीसाठी कलम ९१ खाली लष्कर स्वतःच जवानाच्या पगारातून रक्कम कापू शकतं.)

आता तुमच्या दिरांचं वाक्य. ‘फौजीला मूलभूत हक्क नसतात’ हे वाक्य गावातच नाही, पलटणीतही ऐकू येतं. ते खरं नाही, पण ते कुठून आलं ते समजून घ्यायला हवं, कारण त्याच्यामागं घटनेचं एक खरं कलम आहे.

ते कलम ३३. सैन्यदलांतल्या लोकांना मूलभूत हक्क कितपत लागू व्हावेत, त्यावर किती बंधन असावं, हे ठरवण्याचा अधिकार त्यानं संसदेला दिला. कारणंही त्यातच लिहिली आहेत: कर्तव्य नीट पार पडावं आणि शिस्त टिकावी. नीट पाहा, अधिकार संसदेला आहे आणि तो कायद्यानंच वापरायचा आहे. एखाद्या साहेबांना वाटलं म्हणून, किंवा ‘आपल्याकडं असंच चालतं’ म्हणून कुणाचा मूलभूत हक्क जात नाही. संसदेनं आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २१ मध्ये तीन गोष्टींवर बंधनं घालण्याची मुभा केंद्र सरकारला दिली: कामगार संघटना किंवा राजकीय संघटनेत सामील होणं, सभा-निदर्शनांत भाग घेणं, आणि वर्तमानपत्रांशी बोलणं किंवा काही छापणं. या बंधनांचा तपशील आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १९, २० आणि २१ मध्ये आहे. बंधनं एवढ्यावरच संपत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. राम सरूप खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आर्मी अ‍ॅक्टचं एखादं कलम मूलभूत हक्काशी विसंगत असेल, तर तेवढ्यापुरता तो हक्क कलम ३३ खाली बदललेला मानायचा. म्हणजे ‘माझ्या मूलभूत हक्काविरुद्ध आहे’ एवढं म्हणून आर्मी अ‍ॅक्टचं कलम पडत नाही.

पण १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी खटल्यात त्याच न्यायालयानं दुसरी बाजूही स्पष्ट केली. सैन्यात भरती झाला म्हणून माणूस नागरिक असणं थांबत नाही आणि घटनेच्या हक्कांतून सर्वस्वी बाहेर फेकला जात नाही. कोर्टमार्शलवर अपिलाची सोय नाही, याबद्दलही न्यायालयानं तेव्हा नापसंती दाखवली. ती सोय यायला पंचवीस वर्षं लागली: सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा २००७ मध्ये झाला, न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झालं. म्हणजे तुमचे यजमान आज ज्या दारात उभे राहू शकतात, ते दार आधीच्या पिढीतल्या जवानांना नव्हतंच. दिरांनी ऐकलेलं वाक्य त्या काळातून आलेलं असावं.

मूलभूत हक्कांतला आणखी एक भाग कायद्यानं बारीक तपशिलात जपला आहे, आणि नेमका तोच तुमच्या कामाचा आहे: आपली बाजू मांडण्याचा हक्क. आर्मी रूल्सचा नियम २२ सांगतो की प्रत्येक आरोपाची सुनावणी कमांडिंग ऑफिसरनं आरोपीच्या समोर घ्यायची. आरोपीला विरोधी साक्षीदाराची उलटतपासणी करण्याची, आपले साक्षीदार आणण्याची आणि निवेदन देण्याची पूर्ण मोकळीक द्यायची. यजमान म्हणतात तसं साक्षीदाराला एक प्रश्नही विचारू दिला नसेल, तर हे नुसतं ‘अन्याय झाला’ असं रडगाणं नाही. नियम २२ मोडला, असा नेमका कायदेशीर मुद्दा त्यात आहे. तक्रारीचा कणा तोच ठेवायचा.

मग व्हिडिओ का नको? कारण व्हिडिओनं हा कणाच मोडतो. नियम २१ प्रमाणे नोकरीच्या विषयावरचं काहीही परवानगीशिवाय, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, प्रसिद्ध करता येत नाही. व्हिडिओ चढला त्या दिवसापासून चौकशी त्यांच्या शिक्षेची होणार नाही, त्यांच्या व्हिडिओची होईल. कलम ६३, म्हणजे शिस्तीला बाधक कृत्य, त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आज ते अन्याय झालेले तक्रारदार आहेत, उद्या आरोपी होतील, आणि नियम २२ चा बळकट मुद्दा कुणी वाचणारही नाही. २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानानं जेवणाच्या दर्जाबद्दल व्हिडिओ टाकला, देशभर गाजला, आणि काही महिन्यांत तो बडतर्फ झाला. त्या दलाचा कायदा वेगळा आहे, पण कलम ३३ तिथंही लागू आहे. २०२० मध्ये लष्करानं फेसबुकसह ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली, तेव्हा एका लेफ्टनंट कर्नलनं दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांची याचिका फेटाळली गेली. न्यायालयं या बाबतीत लष्कराच्या बाजूनं झुकतात, हे लक्षात घेऊनच पाऊल टाकायचं.

तुमच्या मनात येईल, मग मी बोलू का? तुम्हाला आर्मी अ‍ॅक्ट लागू नाही, तुमचं भाषणस्वातंत्र्य शाबूत आहे. पण तुम्ही जे बोलाल ते यजमानांनी पुरवलं असं दिसलं, तर ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात ते अडकतात. युनिटचं नाव, ठिकाण, हालचाल, कागद असलं काही तर तुम्हीही बाहेर काढू नका. तिथं १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागतो आणि तो नागरिकांनाही लागू आहे. आम्हाला लिहिताना तुम्ही युनिटचं नाव लिहिलं नाहीत, ते बरोबर केलंत.

रस्ता आहे तो आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २६ चा. अधिकारी नसलेल्या जवानासाठीचं तक्रारीचं हे वैधानिक कलम आहे (अधिकाऱ्यांसाठी २७). साधी तक्रार कंपनी कमांडरकडं करायची असते. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच अधिकारी तक्रार घेणारा असेल, तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते, असं पोटकलम २ म्हणतं. इथं शिक्षा सीओंनी दिली, म्हणून अर्ज सीओंच्या लगतच्या वरिष्ठांच्या, म्हणजे सहसा ब्रिगेड कमांडरांच्या नावे करायचा. मात्र तो टपालानं थेट ब्रिगेडला धाडायचा नाही. युनिटच्या कार्यालयात देऊन, रीतसर मार्गानं वर पाठवायचा. हा फरक फार मोलाचा आहे. १९८७ च्या रणजित ठाकूर खटल्यातल्या सिग्नलमनला (संदेशवहन दलातल्या जवानाला) पहिली २८ दिवसांची कैद झाली, ती वरिष्ठांकडं थेट निवेदनं पाठवल्याबद्दलच. ती भोगत असताना त्यानं जेवण नाकारलं, हुकूम मोडला म्हणून समरी कोर्टमार्शल (झटपट चालणारा लष्करी खटला) झालं, एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार होती, तोच त्या कोर्टमार्शलमध्ये होता. सर्वोच्च न्यायालयानं सगळी कारवाई रद्द केली: निवाडा करणारा पूर्वग्रहदूषित होता, कोर्टात बसणाऱ्याला हरकत घेण्याचा कलम १३० चा हक्क त्याला दिला नव्हता, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानानं अतिकठोर होती. जवान जिंकला. पण पहिली वाट चुकली नसती, तर मधले दिवस कदाचित वाट्याला आले नसते.

अर्ज कसा लिहायचा ते सांगतो. हिंदीत किंवा इंग्रजीत, दोन-तीन पानं, टाईप केलेला. पहिल्या परिच्छेदात आर्मी नंबर, हुद्दा, नोकरीची वर्षं, आधीचा स्वच्छ रेकॉर्ड. मग घटना तारीखवार: भांडण कधी, आरोप कोणत्या कलमाखाली, आरोप कधी वाचून दाखवला, सुनावणी कोणत्या तारखेला, तिथं कोण हजर होतं, कोणत्या साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारायचा होता आणि तो कुणी, कसा थांबवला. ‘मला बोलू दिलं नाही’ एवढंच लिहिलं तर वरचा अधिकारी सीओंचा अभिप्राय मागवतो, त्यात ‘पूर्ण संधी दिली होती’ असं येतं आणि फाईल बंद होते. नेमका प्रश्न आणि नेमकं नाव लिहिलं तर तपास त्या साक्षीदारापर्यंत न्यावा लागतो. शेवटी मागणी स्पष्ट लिहा: शिक्षा रद्द करावी, कंडक्ट शीटवरची (वर्तनाच्या नोंदपत्रकावरची) नोंद काढावी, आणि हवालदारपदासाठी मूळ तारखेपासून पुनर्विचार व्हावा. ही तिसरी मागणी लोक विसरतात. मग नोंद निघते आणि ज्येष्ठता गेलेली ती गेलेलीच राहते.

अर्जात राग दिसू देऊ नका, आणि जे सिद्ध करता येणार नाही ते लिहू नका. कलम ५६ प्रमाणे तक्रारीत जाणूनबुजून खोटं विधान केलं किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली, तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भांडणात यजमानांचीही काही चूक असेल तर ती लपवू नये. ‘माझी एवढी चूक होती, पण सुनावणी नियमाप्रमाणे झाली नाही’ असं लिहिलेला अर्ज जास्त टिकतो. कंपनीतल्या इतरांच्या सह्या तर मुळीच घेऊ नका. सैन्यात एकत्रित तक्रार चालत नाही, तिला शिस्तभंगाचा रंग चटकन चढतो. प्रत्येकानं आपली तक्रार आपणच करायची.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि डायरी नंबर घ्यायचा. हा नंबर नसेल तर पुढच्या सगळ्या मुदती हवेत राहतात.

कागद हातात नसतील तर माहिती अधिकार आहे. लष्कर त्याच्या कक्षेबाहेर नाही. अर्ज यजमानांच्या नावानंच करा, कारण तुमच्या नावानं केलात तर ‘दुसऱ्याची व्यक्तिगत माहिती’ म्हणून नकार येईल. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं ते थोडकं आणि नेमकं: आरोपपत्राची प्रत, नियम २२ खालच्या सुनावणीची नोंद, कंडक्ट शीटमधल्या नोंदीची प्रत, आणि हवालदारपदाच्या बढतीचे तेव्हा लागू असलेले निकष. ‘का’ अशा प्रश्नांना उत्तर मिळत नाही, कागदाची प्रत मिळते. तैनाती, शस्त्रं, हालचाल यांच्याशी संबंध येईल असा एक शब्दही घालू नका, तेवढ्या कारणावर अख्खा अर्ज नाकारला जाऊ शकतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडं दुसरं.

तक्रारीवर नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. तक्रार देऊन सहा महिने झाले आणि काहीच उत्तर नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत जाता येतं. अनेक जवान इथंच चुकतात. ते दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत राहतात आणि प्रत्येक पत्रानं मुदत नव्यानं सुरू होते असं समजतात. होत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं. यजमान आसाममध्ये आहेत तोवर अर्ज गुवाहाटीच्या खंडपीठात जाईल. निवृत्त झाल्यावर आपण राहतो तिथल्या खंडपीठात जाता येतं, महाराष्ट्रासाठी ते मुंबईत आहे. वकील लावता येतो, स्वतःही उभं राहता येतं.

न्यायाधिकरण सगळंच ऐकत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. बदली आणि पोस्टिंग, कोणतीही रजा, आणि बडतर्फी किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद नसलेलं समरी कोर्टमार्शल हे विषय कायद्यानंच बाहेर ठेवले आहेत. सीओंनी दिलेल्या छोट्या शिक्षेबद्दलही कायद्याचा शब्द तोकडा आहे, तो बडतर्फीबद्दल बोलतो. म्हणून तुमच्या प्रकरणात मुख्य मुद्दा पदोन्नती नाकारल्याचा करावा. पदोन्नती हा विषय कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि बेकायदा सुनावणी हे त्याचं कारण म्हणून मांडता येतं. नवखा वकील ‘शिक्षा रद्द करा’ एवढीच मागणी लिहितो आणि पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा आक्षेप येतो. लष्करी नोकरीचे खटले चालवणारा वकील शोधा, नुसता ओळखीचा नको. न्यायाधिकरणाच्या पलीकडं उच्च न्यायालय आहे. घटनेच्या कलम २२७ खाली लष्करी न्यायाधिकरणांवर उच्च न्यायालयाची देखरेख चालत नाही, पण कलम २२६ चा रिट अधिकार शाबूत आहे. २०१५ च्या एका निकालानं त्याबद्दल शंका निर्माण झाली होती. मार्च २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती दूर केली.

रजेबद्दल एक कळकळीची विनंती. दाव्याची तारीख आहे आणि रजा मंजूर नाही, म्हणून यजमान निघून आले किंवा आलेले परत गेले नाहीत, असं अजिबात होऊ देऊ नका. सबळ कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त राहणं हा कलम ३९ चा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. तीस दिवस गैरहजर राहिलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) बसते. चौदा वर्षं झालेली आहेत, पेन्शनच्या पंधरा वर्षांच्या अटीला एकच वर्ष उरलं आहे. अशा वेळी बडतर्फी ओढवून घेणं म्हणजे आयुष्यभराचं नुकसान. कोर्टात तुम्ही उभ्या राहा, ऑर्डर २८ त्यासाठीच आहे.

आणि सीओ रागावले, उलट कारवाई झाली, कोठडीत टाकलं तर? तिथंही नियम आहेत. आरोप ठेवून कोठडीत घेतलं तर ४८ तासांत चौकशी सुरू व्हायला हवी (रविवार आणि सुट्ट्या वगळून), त्याहून उशीर झाला तर वरिष्ठांना कळवणं कलम १०२ प्रमाणे बंधनकारक आहे. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर ठपका येण्याची शक्यता असेल, तर नियम १८० प्रमाणे त्याला सुरुवातीपासून हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची आणि आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळायलाच हवी. ही वेळ आलीच, तर यजमानांनी तिथं ‘नियम १८० प्रमाणे संधी द्यावी’ हे शब्द उच्चारून कामकाजात नोंदवून घ्यावेत. नोंद नसेल तर नंतर कोणी मानत नाही.

आता या आठवड्याचं काम. उद्या कोर्टात जाऊन दाव्याची नक्कल काढा आणि पुढची तारीख, दावा नंबर, कोर्टाचं नाव यजमानांना कळवा. ते ऑर्डर २८ चं पत्र तयार करून सीओंसमोर सही करतील. मूळ प्रत स्पीड पोस्टनं मागवा, फोटोवर कोर्ट समाधान मानत नाही. पत्र पोचेपर्यंत तारीख आली, तर वकिलामार्फत मुदतवाढीचा अर्ज द्या आणि त्यात पत्र मागवल्याचं लिहा. कलम २६ ची तक्रार यजमानांनी याच महिन्यात द्यावी, चार महिने आधीच गेले आहेत. डायरी नंबर फोनवर सांगतील तेव्हा घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेपासून सहा महिने मोजून एक खूण करा, आणखी सहा महिने मोजून दुसरी. पहिल्या खुणेपर्यंत उत्तर आलं नाही तर गुवाहाटीचा वकील ठरवा. दुसऱ्या खुणेच्या आत अर्ज दाखल झालेला हवा. मधेच नकाराचं पत्र आलं, तर सहा महिने त्या पत्राच्या तारखेपासून मोजा आणि आधीच्या खुणा खोडून टाका.